इंजन रनिंगवर आहे

चिखलीत मी ज्यांच्या माडीवर भाड्याने राहायचे, ते काका डबल बेल झाल्याशिवाय जेवायला सुरुवात करत नसत. ताट वाढलेलं असे, भाकरीतून वाफ निघत असे, समोर बसलेल्या माझ्या पोटात कावळे ओरडत असत, आणि काका मात्र दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून भिंतीकडे बघत बसलेले. मग काकू पळीने भगुल्याच्या काठावर दोनदा वाजवत. टण टण. तेव्हा कुठे काका पहिला घास मोडत. मधेच भाजी वाढायची असली तर काकू एकदाच वाजवत, की काकांचा हात तोंडापाशी असला तरी थांबे. एक म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. उभी हयात एस.टी.च्या स्टिअरिंगमागे गेलेल्या माणसाला संसारात याच्यापेक्षा जास्त भाषा लागत नाही, असं त्यांचं मत होतं.

मी सुलतानपूरची. घरी माळवं पिकतं, म्हणजे मेथी, वांगी, कोथिंबीर. चिखलीच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची नोकरी मिळाली आणि मी खोली शोधत या घरी आले. काकांनी जात विचारली नाही, पगार विचारला नाही. विचारलं ते एवढंच, "गाडी येते का?"

"टेम्पो येतो," मी म्हटलं. "घरचा आहे. माळवं घेऊन लोणारच्या बाजाराला नेते कधी कधी."

"टेम्पो म्हंजे काई गाडी नसते, मॅडम," काका म्हणाले. "पन गिअर म्हायती हाय म्हंजे मानूस बरा हाय. या राहाले."

माणसांची पारख ते गाड्यांवरूनच करत. शेजारचे गुरुजी 'चोक ओढल्याबिगर चालू होत नाईत.' गल्लीतला एक पुढारी 'नुसता हॉर्न, ब्रेकचा पत्ता नाई.' घरात कुणाच्या मागून जायचं असलं की ते तोंडाने 'साइड' म्हणत. रस्त्याने पायी जाताना वळायच्या आधी हात बाहेर काढत, मग मागे कुणी असो की नसो. मी एकदा हसले तर म्हणाले, "हासा. ज्या दिवशी मागून बैल येईन, त्या दिवशी समजन."

अंगणात लिंबाखाली ताडपत्री पांघरून एक जुनी जीप उभी असे, आणि घरातलं सगळं राजकारण त्या ताडपत्रीखाली होतं.

काकूंचं माहेर देऊळगाव राजाचं. अश्विनात तिथं बालाजीचा उत्सव असतो. त्या दिवसांत जादा गाड्या सुटायच्या आणि काकांची ड्युटी हमखास त्यांवर लागायची. म्हणजे आख्ख्या तालुक्याला काकांनी बालाजीला नेलं. बायकोला मात्र एकदाही नेलं नाही. ती बिचारी भावाबरोबर, नाहीतर एकटी, दुसऱ्याच ड्रायव्हरच्या गाडीने जायची. "रिटायर झालो का सोताच्या गाडीनं नेतो तुले, समोरच्या सीटवर बसवून," हा काकांचा वायदा होता. रिटायर झाल्या झाल्या त्यांनी जीप घेतलीही. पण पहिल्याच आठवड्यात ती फाटकाच्या डाव्या खांबाला घासली. काका म्हणाले, खांब मुळातच पुढे बांधलाय. मग त्याच बाजूने ती शेजाऱ्यांच्या पाण्याच्या हौदावर गेली. काका म्हणाले, हौद रस्त्यात आहे. नाशिकहून मुलाचा फोन आला, की बाबा, ती जीप विका. काकूंनी जीप विकू दिली नाही, पण चावी काढून घेतली आणि तिखटाच्या डब्यात पुरून ठेवली. काकांना शिंका फार येत, त्यामुळे ती जागा सुरक्षित होती.

आता कॉम्प्युटर. काकांचा पुतण्या इंजिनिअरिंगला असताना त्यांच्याकडे राहून गेला. जाताना आपला गेम खेळायचा कॉम्प्युटर ठेवून गेला. एके काळी त्याचा मोठा रुबाब असावा. बाजूला काच, आत निळे दिवे, सोबत टेबलाला आवळायचं प्लास्टिकचं स्टिअरिंग, गिअरची दांडी आणि पायाखाली पेडल. मी पाहिला तेव्हा निळ्या दिव्यांतला एकच जिवंत होता. त्यात एक बस चालवायचा गेम होता. विलायतेतलं गाव, दुमजली घरं, स्टॉपवर छत्री घेऊन उभी माणसं. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून. तेवढ्यावर काकांनी तो पसंत केला होता. रस्ता त्यांनी आपला करून टाकला होता. पहिला स्टॉप मेरा, चर्चपाशी अंढेरा, आणि नदीवरचा दगडी पूल आला की म्हणायचे, "खडकपूर्णा. आता देऊळगाव मही. बसा, उतरनारे तयार राहा."

या गेमवरून काकूंनी अट घातली होती. "त्या डब्यावर एकदा, एकदाच, कोनाले न ठोकता येळेवर गाव गाठून दाखवा. चावी देते. मी सोता बाजूले बसते."

काका रोज सकाळी खाकी शर्ट चढवून गेमला बसत. आधी स्टिअरिंगला हात लावून नमस्कार. मॉनिटरला लिंबू-मिरची, ती दर शनिवारी बदलायची. चढ संपला की बस बाजूला घेऊन इंजन थंड होऊ देत. लाल दिव्याला थांबत, ते ठीक. पण दिवा हिरवा झाला तरी काकूंनी स्वयंपाकघरातून भगुलं वाजवल्याशिवाय हलत नसत. मागचे प्रवासी इंग्रजीत काहीतरी कुरकुरत. काका त्यांना आरशातून सुनावत, "घाई असन तर जीपनं या."

आणि रोज कुठेतरी ठोकत. कधी खांब, कधी कुंपण, कधी उभी मोटार. कारण तयार असे. "हँग झालं! पाह्यलं ना? आयन येळेले थांबलं!"

ते खोटं नव्हतं, हे सांगायला हवं. चौक आला, गर्दी आली, की चित्र खरोखर अडखळत असे. बस इथं दिसे आणि क्षणाने एकदम तिथं. मी एका रविवारी तो डबा उघडला. आतला पंखा धुळीने बसला होता, तो साफ केला. तरी अडखळणं जाईना. दुखणं प्रोसेसरचं होतं. त्या काळात तो चांगला असेल, पण आता त्याला दम लागत होता.

"काका, हे त्याचं इंजन. हेच थकलंय."

काकांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "आयकलं का वं?" त्यांनी आत हाक दिली. "इंजन गेलं हाय! मॅडम सांगून राह्यल्या! मी म्हनत नव्हतो?"

आतून काकूंचा आवाज आला, "मंग बांधा नवीन. कोन नाई म्हनते?"

सगळा कॉम्प्युटर बदलायची गरज नव्हती. त्याच मदरबोर्डावर बसणारा, त्याच घराण्यातला मोठा प्रोसेसर मिळत होता. आधीचा दोन कोरचा, हा चार कोरचा. काकांनी कोर म्हणजे सिलिंडर असं लगेच लावून घेतलं आणि मीही वाद घातला नाही. जालन्याच्या ओळखीच्या दुकानदाराने एक वापरलेला, पण धडधाकट, एस.टी.च्या कंडक्टरच्या हाती पाठवला. एवढ्याशा डबीतून ते इंजन आल्याचं पाहून काका जरा नाराज झाले.

"आधी बोर्डाला सांगावं लागेल," मी म्हटलं. "जुना आत असतानाच त्याच्या नोंदीत भर घालायची. नाहीतर नवीन बसवला तरी तो ओळखणार नाही."

"म्हंजे आर.सी. बुकात इंजन नंबर चढवाचा."

मी पुढे कितीतरी वर्षं क्लासमध्ये मुलांना हे समजावताना हेच वाक्य वापरलं. याहून चांगलं मला सुचलं नाही.

ती नोंद चढत असताना वीज गेली तर बोर्ड कायमचा मुका होतो. आणि आमच्याकडे तर भारनियमन. म्हणून गुरुजींच्या घरून इन्व्हर्टरची वायर खिडकीतून ओढली. नोंद होईपर्यंत काका दारात उभे राहून गल्लीतल्या पोरांना हाकलत होते, जणू पोरांच्या ओरडण्यानेच वीज जाणार होती.

मग खरं काम. जुना काढला, नवा डबीतून उचलला. त्याच्या पोटाला केसासारख्या बारीक पिना असतात. एक जरी वाकली तरी तो बसत नाही. मी तो काकांपुढे धरला. त्यांनी चष्मा वर-खाली करून निरखून पाहिलं. "सरळ हायेत सगळ्या. बसवा."

काकू दाराच्या चौकटीला टेकून शेंगा फोडत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "डाव्या कोपऱ्यातली एक वाकली हाय नं."

खरंच वाकली होती. काकूंनी गोधडीची सुई आणून दिली आणि मी श्वास रोखून ती पिन सरळ केली. काका म्हणाले, "घरच्या कंडक्टरची नजर बारीकच राह्यते, सुट्टे पैसे पाहून पाहून." आम्ही हसलो. तो विषय तिथेच राहिला.

वरून लेप लावायचा असतो, उष्णता ओढून घेणारा. वाटाण्याएवढा पुरे. काकांना ते ग्रीस वाटलं आणि ग्रीसच्या बाबतीत त्यांचा हात सैल. नळी हिसकावून घ्यावी लागली. शेवटी नारळ फुटला, बटण दाबलं, आणि तो डबा असा चालू झाला की मलाच आनंदाने ओरडावंसं वाटलं. चौक, गर्दी, पाऊस, सगळं तेलासारखं. कुठे अडखळणं नाही.

"चला काका," मी म्हटलं. "काढा गाडी."

काकांनी गाडी काढली. आणि बैलगाडीच्या वेगाने ते गाव फिरले.

दुसऱ्या दिवशी मॉनिटरच्या कपाळावर कागद चिकटवलेला दिसला. 'इंजन रनिंगवर आहे. वेग ४०.' नवीन बांधलेलं इंजन सुरुवातीला हळू चालवायचं असतं, ते अंगाला अंग घासून बसतं, ही त्यांच्या जमान्याची रीत. पूर्वी मालमोटारींच्या मागे तसं लिहिलेलं असे.

"काका, यात पिस्टन नाही. काही घासत नाही. पहिल्या मिनिटापासून पळवता येतो."

"मॅडम, तुमी कॉम्प्युटर शिकवा. इंजन मले शिकवू नका. पैल्या दिशी पळवलेलं इंजन कव्हाच धड राह्यलं नाई."

आठवडे गेले. बस चाळीसनेच चालली. गेममधले प्रवासी चिडत, उशिराबद्दल दंड पडत. काका कुणालाही ठोकत नव्हते आणि गावही वेळेत गाठत नव्हते. त्यामुळे अट ना पुरी होत होती ना मोडत होती. मला आधी गंमत वाटली, मग राग आला. एवढी खटपट करून बसवलेला तो जीव, आणि हे त्याला दावणीला बांधून ठेवतात! मी रागारागाने एकदा म्हटलं, "अहो, अश्विन तोंडावर आलाय. आता किती दिवस रनिंग?"

"बसू द्या थोडं आखीन," काका म्हणाले. पण माझ्याकडे न बघता म्हणाले, आणि स्टिअरिंगवरची नसलेली धूळ पुसू लागले. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा माणूस इंजन सांभाळत नव्हता. जुनं इंजन होतं तोवर दोष द्यायला जागा होती, आणि ती जागा मीच सुईने पिन सरळ करून बुजवून टाकली होती.

काकूंना हे माझ्या आधी कळलं असणार. एका सकाळी त्या हातात पळी आणि भगुलं घेऊनच बाहेर आल्या. काकांच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या. मॉनिटरवरचा कागद हळूच सोलून काढला, पाठीमागे झाल्या आणि वाजवलं. टण टण.

"झालं रनिंग," त्या म्हणाल्या. "काढा आता."

डबल बेल झाल्यावर काका थांबू शकत नव्हते. त्यांनी नमस्कार केला आणि बस काढली. आणि काय चालवली! मी तोवर त्यांना खरं चालवताना पाहिलंच नव्हतं. मेरा गेलं, अंढेरा गेलं. चढावर गिअर असा पडला की प्लास्टिकच्या दांडीलाही कळू नये. पुलावर समोरून आलेल्या ट्रकला त्यांनी वीतभर अंतर राखून वाट दिली. काकूंच्या हातातली पळी तशीच वर राहिली होती. खडकपूर्णा ओलांडली, आता एकच वळण, डावीकडे.

त्या वळणावर डाव्या कडेने एक सायकलवाला चालला होता. पिवळा शर्ट घातलेला, चांगला ठळक. मला दिसत होता, काकूंना दिसत होता. काका शांतपणे वळले, त्याच्यावरून.

काकांनी पुन्हा सुरू केलं. पुन्हा तसंच सुंदर चालवलं, आणि पुन्हा डावीकडे, या वेळी स्टॉपवर उभी एक बाई. काकांनी हँडब्रेक ओढला, इंजन बंद केलं.

"मॅडम, हँग झालं का?"

"नाही, काका."

"मधात थोडं बी?"

माझ्या तोंडावर खोटं आलं होतं. फार सोपं होतं, एक 'हो' म्हणायचं होतं. काकू माझ्याकडे बघत होत्या.

"नाही, काका. थोडंही नाही."

काकांनी मान हलवली. खाकी शर्ट काढला, इस्त्री मोडू नये अशी घडी घातली आणि खुर्चीच्या पाठीवर ठेवला. "इंजनात खोट नाई," ते म्हणाले. "काम डायवरचं निघालं."

मला रडू आलं. काका हात धुवायला मोरीत गेले तेव्हा काकू मला हळूच म्हणाल्या, "मले कव्हाचं म्हायती हाय, पोरी. पन मी काऊन सांगू? मी सांगतलं असतं तर जलमभर म्हनले असते, बायकोनं गाडी हिसकून घेतली. आता सोता उतरले. उतरलेला मानूस चांगला राह्यते."

पुढच्या आठवड्यात मी त्यांना जालन्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. काचबिंदू होता. डाव्या बाजूचं दिसणं कडेकडेने बरंच गेलेलं, आणि समोरचं स्वच्छ असल्याने त्यांना ते कळलंच नव्हतं. गेलेलं परत येणार नाही, आहे ते थेंबांनी राखू, असं डॉक्टर म्हणाले. परतताना बसमध्ये काका खिडकीशी बसले होते. चिखली जवळ आल्यावर म्हणाले, "म्हंजे खांब जागच्या जागीच होता."

घरी आल्यावर त्यांनी तिखटाच्या डब्यातून चावी मागून घेतली, धुतली, शिंकले, आणि तिला तारेने जुना प्रोसेसर बांधला. मग ती माझ्यापुढे धरली. "धरा. जुनं इंजन अन् जुन्या डायवरची चावी, दोघं रिटायर एका जागी राहतीन. उत्सवाले तुमच्या काकूले तुमी न्या."

"काका, मी टेम्पोवाली."

"म्हनूनच तर शिकवाले लागन."

उत्सवापर्यंत रोज सकाळी त्यांनी मला त्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः मागे स्टुलावर बसले. माझ्या कानाशी एकच घोष. "डावं पाहा. आरशात पाहा. मान वळवून पाहा. पाह्यलं? आखीन पाहा." त्यांना स्वतःला न दिसणारी बाजू त्यांनी माझ्यात इतकी पक्की बसवली, की आजही मी घराच्या दारातून बाहेर पडताना डावीकडे बघते. लोकांना वाटतं मी कुणाला शोधते आहे.

उत्सवाच्या दिवशी ताडपत्री निघाली. काकू नवं लुगडं नेसून, मांडीवर नारळाची पिशवी घेऊन माझ्या शेजारी, समोरच्या सीटवर बसल्या. काका मागे चढले. स्वतःच्या गाडीत पहिल्यांदाच ते मागे बसत होते. पाय कुठे ठेवावेत हे त्यांना समजेना. मी गाडी सुरू केली, आरसा पाहिला, डावीकडचा खांब पाहिला, आणि तशीच बसून राहिले.

"काऊन थांबल्या, मॅडम?" मागून आवाज आला.

"बेल नाही झाली, काका."

काकू समोर बघत राहिल्या. पळी त्या घरीच ठेवून आल्या होत्या. मग मागून जीपच्या पत्र्यावर एक टोला पडला. टण. एकाचा अर्थ थांबा. मी क्लच दाबलेलाच ठेवला. काकूंनी पिशवी छातीशी धरली आणि डोळे मिटले.

मग दुसरा पडला.